"बरी आहे" म्हणजे नेमकी किती बरी?
घरातल्या, वाडीतल्या आजी-आजोबांचं बरेपण कसं मोजायचं?

मैत्रिणींनो,

गटाच्या बैठकीत आपण सगळं मोजतो. हजेरी किती, बचत किती जमली, अंतर्गत कर्ज कुणाला किती दिलं, हप्ता कुणाचा राहिला. दहा रुपयांचा हिशेब जुळला नाही तरी वही मिटत नाही. पण बैठक संपल्यावर कुणी विचारलं, "काय गं, सासूबाई कशा आहेत?" तर आपलं उत्तर ठरलेलं: "बऱ्या आहेत." फार तर पुढे एवढंच, "आता वय झालं, चालायचंच."

ह्या "बऱ्या आहेत"मध्ये खूप काही दडलेलं असतं. समजा, एक आजी पूर्वी रोज संध्याकाळी बंदरावर लिलावाला जायची. मग गुडघे दुखतात म्हणून जाणं सुटलं. मग रात्रीचं दिसत नाही म्हणून भजनाला जाणं सुटलं. मग ऐकू कमी येतं, लोक हसतात, म्हणून शेजारी बसणं सुटलं. आता ती दिवसभर पडवीत बसते. प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखंच होतं, म्हणून घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. एक दिवस ती न्हाणीत पडते आणि आपण म्हणतो, "अचानक काय झालं बघा!" अचानक काही झालेलं नसतं. दोन वर्षं हळूहळू घसरण चालू होती, ती कुणी वहीत मांडली नव्हती, एवढंच.

ही घसरण मोजता येते. जगभर लोक ती कशी मोजतात, त्यातलं आपल्या हर्णे-पाजपंढरी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात काय लागू पडतं आणि काय नाही, आणि आपल्या गटाला ते कसं करता येईल, हे ह्या लेखात बघूया.

आजार मोजला म्हणजे माणूस मोजला असं नाही

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची मोजणी म्हणजे बीपी आणि शुगर. ती करायलाच हवी. पण तेवढ्याने माणूस कळत नाही.

आपल्या देशात वयस्कर माणसांची एक मोठी पाहणी झाली आहे. तिला "लासी" म्हणतात. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ती केली. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांना घरोघरी जाऊन विचारलं. त्यात साठीच्या पुढचे ३१ हजारांहून अधिक होते. अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. तो जाहीर करताना आरोग्य मंत्रालयाने सांगितलं, की साठीपुढच्या १०० पैकी ७५ जणांना कुठला ना कुठला जुनाट आजार आहे.

आता ह्यावरून काय समजायचं? चारातली तीन म्हातारी माणसं "बरी नाहीत" असं? तसं नाही. बीपीची गोळी घेऊन रोज बाजाराला जाणारी, नातवाला शाळेत सोडणारी, चार बायकांत बसून हसणारी आजी बरीच आहे. आणि एकही आजार नसलेले, पण महिनोन्‌महिने घराबाहेर न पडलेले आजोबा बरे नाहीत.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हातारपणाच्या आरोग्याकडे बघायची रीत बदलली. आजार किती आहेत एवढंच बघू नका. त्या माणसाला जे करावंसं वाटतं, जे त्याला मोलाचं वाटतं, ते त्याला करता येतंय का ते बघा, असं त्यांनी सांगितलं. त्यात दोन गोष्टी येतात. एक त्याच्या अंगातली ताकद, आणि दुसरी भोवतालची परिस्थिती. गुडघा दुखतो ही अंगातली गोष्ट. घरापासून रस्त्यापर्यंतच्या पाखाडीला धरायला कठडा नाही, ही भोवतालची. कठडा लावला तर त्याच गुडघ्याने आजी बाहेर पडते.

आपल्याला हे नवीन नाही. गट चांगला की वाईट हे आपण फक्त बँकेतल्या शिलकीवरून ठरवत नाही. पंचसूत्री बघतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. शिलक भरपूर पण बैठकच होत नाही, तो गट आजारी. माणसाचंही असंच आहे. एका आकड्यावर निकाल लावायचा नाही.

रोजची कामं: सगळ्यात जुनी मोजपट्टी

अमेरिकेत सिडनी कॅट्झ नावाच्या डॉक्टरांनी १९६३ मध्ये एक साधी यादी केली. सहा गोष्टी: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच्या मदतीशिवाय होते का, एवढंच विचारायचं. साठ वर्षं झाली, आजही जगभर हीच यादी वापरतात.

पण ह्या सहा गोष्टी अडायला लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी ह्या दोघांनी पुढची यादी केली. फोन करणं, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, गाडीने प्रवास, स्वतःची औषधं स्वतः घेणं, पैशांचा व्यवहार. ह्या आठ गोष्टींना जरा जास्त डोकं आणि जास्त ताकद लागते, म्हणून घसरण आधी इथे दिसते. गंमत म्हणजे त्या काळी पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं ह्यांचे गुणच धरत नसत. ही कामं पुरुष करतच नाहीत, मग मोजायचं काय, असा हिशेब! म्हणजे मोजपट्टी बनवणाऱ्याच्या डोक्यात जे असतं तेच मोजपट्टीत उतरतं. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

"लासी"त ह्या दोन्ही तऱ्हेचे प्रश्न होते. साठीपुढच्या साधारण एक चतुर्थांश लोकांना पहिल्या तऱ्हेच्या, म्हणजे आंघोळ-उठबस अशा कामांत निदान एक तरी अडचण होती. दुसऱ्या तऱ्हेच्या कामांत जवळजवळ निम्म्या लोकांना अडचण होती. बघा, बाजारहाट आणि पैशांचा व्यवहार आधी सुटतो, आंघोळ नंतर. म्हणून आपण लक्ष ठेवायचं ते बाजारहाटावर. आजीने एसटीने एकटीने दापोलीला जाणं बंद केलं असेल, तर ती खूण समजा.

युरोपची मोजपट्टी आणि हर्णेची आजी

"सक्रिय वृद्धत्व" हा शब्द तुम्ही प्रशिक्षणात ऐकला असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये तो मांडला. आरोग्य, सहभाग आणि सुरक्षितता ह्या तीन पायांवर म्हातारपण उभं राहावं, असा त्याचा अर्थ.

२०१२ मध्ये युरोपात ह्याचा निर्देशांक तयार झाला, म्हणजे सगळे आकडे एकत्र करून देशादेशांची तुलना करायची पट्टी. त्यात २२ गोष्टी मोजतात आणि त्यांचे चार भाग आहेत. पहिला, नोकरी-काम. दुसरा, समाजातला सहभाग. तिसरा, स्वतंत्र, निरोगी आणि सुरक्षित जगणं. चौथा, पुढेही सक्रिय राहायची ताकद आणि त्याला पोषक परिस्थिती.

ह्यातली एक गोष्ट मला फार आवडली. दुसऱ्या भागात नातवंडं सांभाळणं आणि घरातल्या आजारी-म्हाताऱ्यांची सेवा करणं हेसुद्धा सहभाग म्हणून मोजलं आहे. आपल्याकडे "आजी काय, घरीच असते" असं म्हणतात. सून लिलावाला गेल्यावर दोन पोरं सांभाळणारी आजी घरी नुसती बसलेली नसते. तिच्या जोरावर सुनेची कमाई उभी आहे. ते वहीत आलं पाहिजे.

पण दोन गोष्टी आपल्याला जशाच्या तशा घेता येत नाहीत.

पहिली गोष्ट कामाची. त्या पट्टीत ५५ ते ७४ वर्षांचे जितके लोक काम करतात, तितके गुण जास्त. आता आपल्या बंदरावर बघा. सत्तरी ओलांडलेल्या बायका डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन उभ्या असतात, वाळूत बसून सुकी मासळी निवडत असतात. युरोपच्या पट्टीने त्या सगळ्या "सक्रिय", पूर्ण गुण! पण त्यातली एक आवडीने येते. तिला बंदराचा गजबजाट हवा असतो, मैत्रिणी भेटतात, हातात पैसा खेळतो. दुसरी येते कारण आज आली नाही तर औषध येणार नाही. दोघींचं काम एकच, पाटी एकच, पण बरेपण एक नाही.

आपल्या शेजारच्या मुरुड गावचे महर्षी धोंडो केशव कर्वे तुम्हाला माहीत आहेत. त्यांचं आयुष्य १८५८ ते १९६२, म्हणजे १०४ वर्षांचं. १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, खेड्यांत शाळा काढण्यासाठी त्यांनी नवीन मंडळ सुरू केलं. १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, समता संघ काढला. सक्रिय वृद्धत्वाचं ह्याहून मोठं उदाहरण शोधून सापडणार नाही. पण ते काम त्यांनी स्वतः निवडलेलं होतं. सक्रिय असणं आणि राबावं लागणं ह्यांत फरक आहे, आणि तो एका प्रश्नाने कळतो: "पैशांची अडचण नसती, तर हे काम तुम्ही सोडलं असतं का?" हा प्रश्न आपल्या यादीत हवाच.

दुसरी गोष्ट एकटं राहण्याची. युरोपच्या पट्टीत ७५ वर्षांपुढचं माणूस एकटं किंवा नवरा-बायको दोघंच राहत असतील, तर ते स्वतंत्र जगणं म्हणून चांगलं धरतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत १,००० पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. कारण आपल्याला ठाऊकच आहे, कमावते पुरुष मुंबईला. मुलं, सुना, नातवंडं तिकडे. गणपतीला आणि शिमग्याला घर भरतं, बाकीचे दिवस आजी आणि कुलूप लावलेल्या खोल्या. ही आजी स्वतंत्र आहे की एकटी पडली आहे? काही जणी खरंच सांगतात, "मुंबईच्या खोलीत माझा जीव घुसमटतो, मी इथेच बरी." काही जणी काहीच बोलत नाहीत. म्हणून "कोण कोण राहतं?" एवढं विचारून भागत नाही. "रात्री दुखायला लागलं तर हाक कुणाला मारता?" हे विचारायला हवं. उत्तरात एक नाव आलं तर बरं. नाव आलंच नाही, तर ते आपलं काम आहे.

मन कसं मोजायचं?

मन मोजता येत नाही असं आपल्याला वाटतं. पण जागतिक आरोग्य संघटनेची पाच वाक्यांची एक चाचणी आहे. १९९८ पासून ती जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारायचं. आपल्या भाषेत साधारण असं:

१. मन आनंदात, प्रसन्न होतं का?
२. जिवाला शांत, निवांत वाटलं का?
३. अंगात उत्साह, तरतरी होती का?
४. सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का?
५. दिवसभरात मन रमेल असं काही होतं का?

प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. कधीच नाही तर ०, सारखंच असेल तर ५. सगळे मिळून जास्तीत जास्त २५. बेरीज १३ च्या खाली आली तर मन खचलेलं असू शकतं, तेव्हा लक्ष द्यायचं. ह्याचा अर्थ "तिला मानसिक आजार आहे" असा नाही. ती ठरवायची गोष्ट डॉक्टरांची. आपण फक्त म्हणायचं, "चला, एकदा दाखवून येऊ."

गुण देताना आजी गोंधळतात. "पाचापैकी किती?" म्हटलं की त्या हसतात. त्यापेक्षा पाच चिंचोके द्या आणि म्हणा, "जितके दिवस बरे गेले तितके चिंचोके ह्या वाटीत टाका." आकडा आपोआप मिळतो.

अंगातली ताकद: घरच्या घरी

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांसाठी काही सोप्या तपासण्या दिल्या. महागडं यंत्र लागत नाही.

उठबस. खुर्चीत बसवून, दोन्ही हात छातीशी घडी घालून, हातांचा आधार न घेता पाच वेळा उठायला-बसायला सांगायचं. १४ सेकंदांत झालं तर पायांत ताकद आहे. जास्त वेळ लागला किंवा जमलं नाही, तर पडण्याचा धोका धरून चालायचं. खुर्ची प्लॅस्टिकची नको, ती सरकते. लाकडी घ्या, पाठ भिंतीला टेकवून ठेवा, आणि बाजूला एक जण उभी राहा. आजी आधीच म्हणाल्या "मला भीती वाटते", तर करूच नका. ते उत्तरच पुरेसं आहे. आपल्याकडे जमिनीवरून उठणंही बघता येतं. जेवायला मांडी घालून बसता येतं का, नमाजाला खाली बसून उठता येतं का, की आता खुर्ची लागते, हेही विचारा.

खाणं आणि वजन. गेल्या तीन महिन्यांत मनात नसताना तीन किलोंपेक्षा जास्त वजन उतरलंय का? भूक गेली आहे का? वजनकाटा नसला तर बघा, पोलका सैल झाला का, बांगड्या हातातून निसटतात का. दात नसल्यामुळे भाकरी सुटली असेल, तर तेही लिहा.

आठवण. तीन साध्या वस्तूंची नावं सांगायची, जसं होडी, नारळ, दिवा. थोडं दुसरं बोलायचं. मग विचारायचं, "मघाशी काय सांगितलं होतं?" शिवाय आज वार कोणता, आपण आत्ता कुठे आहोत, हे विचारायचं.

कान. हातभर अंतरावर, थोडं मागे उभं राहून हळू आवाजात काही शब्द बोलायचे. एका वेळी एक कान, दुसरा झाकलेला. परत सांगता आले नाहीत तर कान तपासायला हवेत. कित्येकदा नुसता मळ साठलेला असतो.

डोळे. सुईत दोरा ओवता येतो का? समोरून कोण येतंय ते ओळखता येतं का? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का?

मन. वर दिलेली पाच वाक्यं.

आपली वही

हे सगळं एकत्र करून आपल्या गटासाठी आठ प्रश्नांचं एक पान असं करता येईल. प्रत्येक वयस्कर माणसाचं एक पान.

१. गेल्या आठवड्यात घराच्या आवाराबाहेर किती दिवस गेलात? कुठे?
२. सहा महिन्यांपूर्वी करत होता, पण आता सुटलंय, असं कोणतं काम? का सुटलं?
३. हे काम मनापासून करता की करावं लागतं? पैशांची अडचण नसती तर सोडलं असतं का?
४. घरच्या माणसांखेरीज कुणाशी बसून बोललात?
५. रात्री-अपरात्री हाक कुणाला मारता?
६. तुमच्या हातात, तुमच्या मर्जीने खर्च करायला पैसे असतात का?
७. मनाच्या पाच वाक्यांची बेरीज किती?
८. उठबस, वजन, आठवण, कान, डोळे: ठीक की दाखवायला हवं?

सहावा प्रश्न लहान वाटतो, पण नातवाला खाऊला दहा रुपये देता येणं ह्यात आजीचा मान असतो. पेन्शन आजीच्या नावावर जमा होते आणि कार्ड दुसऱ्याच्या खिशात असतं, असं असेल तर ते ह्याच प्रश्नातून बाहेर येतं.

मोजताना पाळायचे नियम

एकटीला विचारा. सुनेसमोर सासू "मला काही कमी नाही" असंच सांगणार, आणि सासूसमोर सून. दोघींनाही मोकळेपणी बोलता आलं पाहिजे. सांभाळणाऱ्या सुनेलाही विचारा, "तुझं कसं चाललंय?" तिची पाठ मोडत असेल तर तेही मोजायचंच आहे.

आधी परवानगी घ्या. "नको" म्हणाल्या तर नको.

पान बैठकीत मोठ्याने वाचायचं नाही. गटाचा हिशेब सगळ्यांसमोर असतो, पण आजीचं मन हा चारचौघांतला विषय नाही.

एकीची दुसरीशी तुलना करू नका. "शेजारची ऐंशी वर्षांची आजी बघा कशी चालते!" असं म्हटलं की समोरची आजी आणखी खचते. तिची तुलना तिच्याच मागच्या पानाशी करायची.

आणि हंगाम बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बंदर थंड, पावसाने पाखाड्या शेवाळलेल्या. त्या दिवसांत सगळ्याच आजी कमी बाहेर पडतात. गणपतीत घर भरलेलं, तेव्हा सगळ्यांचंच मन वर. म्हणून वर्षातून दोनदा, साध्या दिवसांत मोजूया: एकदा दिवाळीनंतर, एकदा शिमगा आटोपल्यावर. आणि पुढच्या वर्षी दिवाळीनंतरचं पान दिवाळीनंतरच्याच पानाशी लावून बघायचं.

आकडा कमी आला, मग?

नुसतं मोजून वही कपाटात ठेवायची असेल, तर आजीचा वेळ घेऊ नका. मोजायचं ते काही करण्यासाठी.

तब्येतीचं असेल तर आशाताईंना सांगा. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पुढे दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय, ही वाट आहे. एकटीला जाणं जमत नसेल तर गटातली एक जण सोबत जाऊ द्या. ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात येतात. आधार कार्ड लागतं.

पैशांचं असेल तर श्रावणबाळ योजनेचं बघा. ६५ वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल, तर महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात. पुष्कळदा वयाचा पुरावा किंवा आधार-बँक जोडणी अडते. तिथे आपल्या सखीची मदत लागते.

बाहेर पडण्याचं असेल तर लक्षात आणून द्या, की एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांपुढच्या सगळ्यांना प्रवास फुकट आहे.

घरात त्रास होत असेल, कुणी मारत असेल, जेवण तोडत असेल, जागेसाठी सही मागत असेल, तर १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा फुकट फोन नंबर आहे. आई-वडिलांच्या आणि ज्येष्ठांच्या पोटगीचा कायदा २००७ पासून आहे. मुलांनी सांभाळलं नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते, वकील लावावा लागत नाही.

आणि एकटेपणाचं असेल तर त्यासाठी कुठल्याही कार्यालयात जावं लागत नाही. त्याचा उपाय आपल्याच हातात आहे. उमेद अभियानात वृद्धांचा स्वतंत्र गट करता येतो. त्याला दहा जणींची सक्ती नाही, पाच जणांपासून चालतो आणि त्यात पुरुषही येऊ शकतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हेल्पएज इंडिया संस्थेने म्हाताऱ्या माणसांचे असेच बचतगट उभे केले. तेही आपल्यासारखेच कोळी-मच्छीमार लोक. माहितीसाठी तालुका अभियान कक्षात विचारता येईल. गट झाला नाही तरी आठवड्यातून एकदा चार आजींना एका पडवीत बसवणं, तांदूळ निवडत गप्पा मारू देणं, हेही कमी नाही.

पुढच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घेऊया. प्रत्येक गटाने आपल्या वाडीतली साठीपुढची माणसं मोजून यादी आणायची. त्यात आपल्याच गटातल्या साठीच्या ताईंची नावंही घाला, त्यांना वगळू नका. सुरुवात पाच पानांनी करा. आठ प्रश्नांतला एखादा तुमच्या वाडीत लागू पडत नसेल, तर तो काढा आणि तुमचा घाला. मोजपट्टी बनवणाऱ्याच्या डोक्यातलंच पट्टीत उतरतं ना, मग ह्या वेळी ती पट्टी आपण बनवूया.

तुमच्या वाडीतल्या आजींनी कोणता प्रश्न सुचवला, ते मला बैठकीत जरूर सांगा.

— तुमची क्षेत्र समन्वयक